आधी कोण?



लेकीला अठरा पूर्ण झाली आणि आमच्या स्वयंपाकघरात शिकाऊ लायसन्सची परीक्षा सुरू झाली. मी भाकरी थापत असते, ती ओट्याला टेकून मोबाईलवरचे सरावाचे प्रश्न मोठ्यानं वाचते आणि उत्तर मी द्यायचं. वीस-बावीस वर्षं मी या कोल्हापुरात दुचाकी चालवते. आधी लुना, मग स्कूटी, आता ॲक्टिव्हा. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. म्हटलं, मी झोपेतसुद्धा पास होईन.

तिसऱ्याच प्रश्नाला अडकले.

"समोर चौक आहे. सिग्नल नाही, पोलीस नाही. तू काय करशील?"

"हॉर्न वाजवायचा आणि जायचं."

"चूक."

"मग बघून जायचं."

"कुणाकडं बघून?"

आता काय सांगायचं? सगळ्यांकडं बघायचं! पण तसा पर्यायच नव्हता. बरोबर उत्तर होतं : चौकात आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं आणि मग इशारा करून निघायचं. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तशीच उभी. इतकी वर्षं मी रोज पंधरा-वीस चौक ओलांडते आणि आधी कोणी जायचं याचा काही नियम आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्या रात्री घरात सगळ्यांना विचारून बघितलं. हे म्हणाले, "मोठी गाडी आधी." दीर म्हणाले, "ज्याला घाई त्यो आधी." आत्ती म्हणाल्या, "बाई माणसाला आधी सोडत्यात की." शेजारचे काका केएमटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. त्यांना अंगणात गाठलं, तर ते हसून म्हणाले, "कोल्हापुरात नियम एकच. जेचं चाक फुडं, तेचा नंबर."

आमच्या गावात चौकांची नावं ऐकली तरी त्यांचा आकार कळतो. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. गंगावेस म्हटलं की जुन्या गावाची वेस आठवावी. कावळा नाका, तिथं नाका. दसरा चौक, बिंदू चौक हे चौक. व्हीनस कॉर्नर, दाभोळकर कॉर्नर हे नंतरच्या काळातले, म्हणून इंग्रजी. वेस बैलगाडीच्या मापाची होती, तिकटीवर माणसं थांबून बोलायची. आता त्याच जागी रिक्षा, ट्रॅक्टर, ऊसाची ट्रॉली, केएमटी, अंबाबाईला आलेल्या परगावच्या गाड्या आणि आमच्यासारख्या भाजीची पिशवी पायात ठेवून निघालेल्या बायका. मध्यंतरी रस्ते रुंद झाले, मग टोल आला, मग टोलविरोधात अख्खं गाव रस्त्यावर उतरलं, ते तुम्हाला माहीत आहेच. रस्ता रुंद झाला की चौक सोपा होतो असं मला वाटायचं. उलट झालं. अरुंद रस्त्यावर एकामागं एक थांबावं लागायचं, रुंद रस्त्यावर सगळे एकाच ओळीत, आडवे उभे राहतात.

तर नियम. लेकीनं तो नीट शोधून काढला. आपल्या देशात २०१७ सालचे वाहन चालवण्याविषयीचे विनियम आहेत, त्याआधी १९८९ सालचे होते. साधी गोष्ट अशी : मुख्य रस्त्याला येऊन मिळत असाल तर मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. बस.

पण उजवीकडूनच का? हे मला काही केल्या पटेना. मग लेकीनं कणकेच्या परातीत बोटानं दोन आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. आपण डाव्या बाजूनं चालवतो. त्यामुळं आडव्या रस्त्यावर उजवीकडून येणारी गाडी आपल्याकडच्या अर्ध्या रस्त्यानं येते, आणि डावीकडून येणारी पलीकडच्या अर्ध्यानं. म्हणजे आपण चौकात चाक घातलं की पहिली आडवी भेटते ती उजवीकडची. तिला आधी सोडायचं. इतकं सोपं. परातीत कळलं ते रस्त्यावर बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

मी लगेच खोट काढली. चारी बाजूंनी चार गाड्या एकदमच आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडं कोणीतरी आहेच. मग सगळेच थांबणार? लेक म्हणाली, "हो, मग कुणीतरी हातानं जा म्हणायचं." हे आपल्याकडं चालतंच की. मान हलते, डोळे उचलले जातात, मागं बसलेली बाई हात पुढं करते. आमच्या गावातला निम्मा रहदारीचा कारभार मागं बसलेल्या बायकांच्या हातावर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुतळ्याच्या गोल चौकाचं मात्र मला एका झटक्यात कळलं, कारण ते आपल्या रोजच्या सवयीतलं आहे. बसदीत प्रदक्षिणा घालताना वेदी उजव्या हाताला राहते. गोल चौकातही तसंच, मधला पुतळा उजव्या हाताला ठेवून फिरायचं. आता बघा, मंदिरात दहाजण प्रदक्षिणा घालत असतील आणि तुम्ही दारातून आत आलात तर फिरणाऱ्यांना थांबवून मध्ये घुसता का? थांबता, जागा झाली की सामील होता. गोलातला नियमही हाच : आत फिरणारा आधी, बाहेरून येणारा नंतर. आत फिरणारा आपल्या उजवीकडूनच येतो, म्हणजे दोन्ही नियम एकच झाले.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असते, त्या गावात तर जिकडंतिकडं गोल चौक. तिला फोन केला तेव्हा तिनं सांगितलं की तिथंसुद्धा हा नियम पहिल्यापासून नव्हता, १९६६ साली झाला. त्याआधी बाहेरून येणारे आत घुसायचे, आतले बाहेर पडू शकायचे नाहीत आणि गोल गच्च व्हायचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे आपणच जन्मजात अडाणी असं काही नाही. फक्त आपल्याकडं अजून पुतळ्याला उलटी प्रदक्षिणा घालून, "इथंच तर जायचंय" म्हणणारे आहेत. मीही घातली आहे, लपवत नाही.

आता लपवलेली गोष्ट सांगते. खरं तर त्यासाठीच आज लिहायला बसले.

मागच्या वर्षी दशलक्षण पर्वातला तिसरा दिवस होता, उत्तम आर्जवाचा. माझं एकाशन झालेलं होतं, पण आत्तींना संध्याकाळचं खाणं सूर्यास्ताआधी द्यायचं होतं आणि मी मंदिरातल्या कामात अडकले. निघाले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या दिवसांत कोल्हापुरात पावणेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हा नियम आहे त्यांना ही वीस मिनिटं माहीत आहेत. घड्याळाकडं नाही, आभाळाकडं बघत गाडी चालवतो आपण.

एका सिग्नलला थांबले. चौकाचं नाव लिहीत नाही. मला उजवीकडं वळायचं होतं, पण जागा मिळाली ती अगदी डावीकडं, फूटपाथला लागून, कारण तिथून पुढं सरकता येत होतं. हिरवा झाला. मी सगळ्यांच्या आधी निघाले आणि सगळ्यांच्या पुढून आडवी उजवीकडं वळले. माझ्या उजव्या बाजूला, थोडं मागं, एक मुलगा मोटरसायकलवर आईला घेऊन सरळ निघाला होता. त्यानं ब्रेक दाबला. गाडी मला लागली नाही. पण ती दोघं पडली.

बाई हातावर पडली होती. मनगट लगेच सुजलं. माणसं जमली, आणि जमलेली माणसं काय करतात? माझ्याकडं बघतात, पूजेची साडी, डोक्यावर पदर, हातात डबा. मग त्या मुलाकडं बघतात, पंचवीस वर्षांचं पोरगं, मोटरसायकल. एकजण त्याला म्हणाला, "जोरात चालवतोस व्हय रे?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जोरात होता तो."

तो जोरात नव्हता. सिग्नल सुटून पाच सेकंदही झाली नव्हती, कोण जोरात असणार?

त्यानं वाद घातला नाही. आईला उठवताना मला फक्त एवढं म्हणाला, "काकू, उजवीकडं वळायचं हुतं तर डावीकडं कशाला थांबला हुता?"

आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो. हाड मोडलं होतं. प्लास्टरचे पैसे मी दिले, ह्यांनी येऊन पुन्हा थोडे दिले, नंबर घेतला, दोनदा फोन केला. मोबाईलमध्ये तो नंबर मी "प्लास्टर" म्हणून सेव्ह केला. आठ दिवसांनी क्षमावाणी आली. हात जोडलेली चित्रं पाठवली, नात्यातल्या, सोसायटीतल्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या गटात, दोनेकशे जणांना तरी "उत्तम क्षमा" म्हटलं. "प्लास्टर"ला म्हटलं नाही. पैसे दिले होते ना.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला या वर्षी, लेकीच्या अभ्यासात मिळालं. उजवीकडं वळायचं असेल तर चौक येण्याच्या बरंच आधी रस्त्याच्या मध्याकडं सरकायचं आणि तिथून वळायचं. डावीकडं वळायचं तर डाव्या कडेला राहायचं. सरळ जाणारे मधे. आणि आपल्याकडं बऱ्याच सिग्नलला एका वेळी एकाच बाजूची वाहनं सुटतात, समोरून कोणी येत नसतं. म्हणजे तिथं धोका समोरच्याचा नसतोच, शेजारी उभा आहे त्याचा असतो. कोण कुठं उभा राहिला यावरच सगळं ठरतं. चौकातली चूक चौकात होत नाही, पन्नास पावलं आधी, थांबताना होते.

डावी कडा अडवून उभं राहणं ही आणखी एक गंमत. मागचा ओरडतो, "लेफ्ट फ्री हाय, सरका की!" पण लाल दिवा म्हणजे लाल, डावीकडं मोकळं असं तिथं लिहिलेलं असेल किंवा हिरवा बाण असेल तरच जायचं. जिथं ते मोकळं आहे तिथं सरळ जाणाऱ्यानं डावी कडा धरूच नये. दुपारी आणि रात्री नुसता पिवळा उघडझाप करतो, तो "सिग्नल बंद, पळा" असा नव्हे. त्याचा अर्थ वेग कमी करून जपून जा.

काकांनी मात्र पुस्तकात नसलेली गोष्ट शिकवली. लेकीला बोलावून म्हणाले, "बस डावीकडं वळताना आधी जरा उजवीकडं जाती. का? मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं येत न्हाई, आतनं येतं. मग तुमच्यासारख्यांना वाटतंय डावीकडं जागा झाली. ती जागा न्हवं, पोरी. ती बसची हाय, अजून वापरली न्हाई एवढंच." त्यांनी अंगणात विटेवर पाट ठेवून, फिरवून दाखवलं. ऊसाच्या ट्रॉलीचंही तसंच, दोन जोडलेल्या असतील तर आणखीच. इतकी वर्षं मी त्या जागेत आनंदानं घुसत आले. तेव्हा मी त्यांना विचारलं, "मग ते चाक फुडं, तेचा नंबर?" म्हणाले, "ते बघणाऱ्याचं मत सांगितलं. मी तसं चालवलं असतं तर पेन्शन घ्यायला उरलो असतो व्हय?"

चातुर्मास संपल्यावर महाराजांचा विहार असतो तेव्हा आपण रस्त्याच्या कडेनं सोबत चालतो. ईर्यासमिती, म्हणजे पुढची चार हात जमीन बघत पाऊल टाकायचं. चार हात म्हणजे साधारण सहा फूट, चालणाऱ्याला ते पुरतं. लेकीनं हिशोब केला : ताशी ४० किलोमीटरनं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे चार हात जमीन एका सेकंदाच्या सहाव्या भागात संपते. तेवढ्यात डोळ्याची पापणी लवते. गाडीवर बसलं की चार हात पुरत नाहीत, हे मला कोणी प्रवचनात सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. २०२४ च्या जूनमध्ये सायबर चौकात भरधाव गाडीनं दुचाकींना उडवलं, त्यात जीव गेले. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. तेव्हा मीही हळहळले होते आणि "लोक कसे चालवतात" म्हणाले होते.

"प्लास्टर"ला फोन केला. बाई कसबा बावड्यात राहतात. या म्हणाल्या. लेकीचं शिकाऊ लायसन्स तोवर आलं होतं, तीच चालवत होती, पुढं-मागं लाल अक्षरात एल लावून, मी मागं. दिवेलागणीच्या आत परत यायचं म्हणून पाचलाच निघालो.

त्या घरगुती भाकरीच्या ऑर्डरी घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दवाखान्यात कुणी विचारलंच नव्हतं. हात आता बरा आहे म्हणाल्या, पण थापताना भाकरी फिरवायला मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून थापायचं काम सून करते, या शेकतात. शंभराच्या ऑर्डरी घेत होत्या, आता साठाच्या घेतात. हे सांगताना आवाजात काही नव्हतं. चहा ठेवला. मी म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती. मी डावीकडनं आडवी वळले. तुमचा मुलगा जोरात नव्हता. मी तसं म्हणाले ते खोटं होतं."

त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, "ह्येच्या बापानं वर्सभर त्याला बोल लावला. हळू चालीव, आईचा हात मोडलास. त्यो काय बोलला न्हाई. एकदा मलाच म्हणला, त्या काकू म्हणाल्यात न्हवं जोरात हुता, मग असल." मग पदरानं तोंड पुसलं. "मला कशाला सांगताय? त्येला सांगा. सातला येतोय कामावरनं. बापबी घरातच असतोय."

साडेपाच वाजले होते. लेक माझ्याकडं बघत होती. घरी आत्तींचं खाणं मी झाकून ठेवून आले होते, माझं राहिलं होतं. बाईंना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी जावा म्हटलं असतं.

आम्ही थांबलो. सुनेला भाकरी मोजून कागदात बांधायला मदत केली. बाहेर उजेड कमी होत गेला आणि मी एकदाही आभाळाकडं बघितलं नाही म्हणणार नाही, चारदा बघितलं.

तो सव्वासातला आला. मला ओळखलं. बापासमोर मी सगळं परत सांगितलं, डावीकडं उभी होते, उजवीकडं वळले, तो हळू होता. बाप काहीच बोलला नाही, उठून आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी नको म्हटलं, रात्री पाणी घेत नाही. मुलगा हातातलं हेल्मेट फिरवत होता. म्हणाला, "असू दे, काकू." मग लेकीच्या गाडीवरचं एल बघून म्हणाला, "तू चालवतीस व्हय? लाईट सोड, पुढच्या चौकात खड्डा हाय, उजवीकडनं घे."

परत येताना अंधार होता. मी मागं बसून दोन्ही हात मांडीवर धरून होते. चौक लांब असतानाच लेकीनं उजवा दिवा लावला आणि हळूहळू मध्याकडं सरकली. मागचा एकजण हॉर्न वाजवायला लागला. माझा हात सवयीनं बाहेर निघाला, थांबा म्हणायला.

"आई, हात आत घे," ती म्हणाली. "मी दिवा दिलाय."